‘खानदानात आहेच’ म्हणून सोडून दिलेलं बीपी

(युवक-युवतींच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी डॉक्टर नाही. पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. शिबिराच्या संयोजकांनी फोन केला तेव्हाही मी हेच म्हणालो. ते म्हणाले, तुला जे झालं ते सांग, आणि त्यानंतर तू वेड्यासारखं वाचत सुटलास, त्यातलं आम्हाला कळेल तेवढं सांग. मी हो म्हणालो, पण एक अट घातली. भाषण संपल्यावर कुणीही मला आपल्या अम्मीच्या गोळ्यांची नावं सांगून ‘ही चालू ठेवू का’ असं विचारायचं नाही. ते डॉक्टरांना विचारायचं.

आमचं घर मिरजेचं. अब्बा मेकॅनिक होते. एका दुपारी जेवून आडवे झाले आणि तासाभरात त्यांना उलट्या सुरू झाल्या, बोलणं अडखळायला लागलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हा त्यांचं वय 39, माझं 11 आणि माझी बहीण 4 वर्षांची. जियारतीला जमलेले लोक काय काय बोलत होते ते मला आजही आठवतं. कुणी नजर लागली म्हणालं, कुणी कर्जाचं टेन्शन म्हणालं. शेवटी दादी म्हणाली, “अपने खानदान में बीपी हैच, क्या करते?” त्या वाक्यानंतर कुणी काही बोललं नाही. दादीचा भाऊ तसाच गेला होता, एक चाचाही औषधावर होते. ते वाक्य म्हणजे आमच्या घरातला शेवटचा अहवाल होता. त्यापुढे चौकशी नाही.

अब्बांच्या बाबतीत आणखी दोन गोष्टी होत्या. रात्री त्यांच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, अम्मी खोबरेल तेल लावून पाय चेपत बसायची. आणि ते रात्रीत तीन-चारदा लघवीला उठायचे. कधी कधी हातातली ताकद गेल्यासारखी व्हायची, पाना सुटून पायावर पडायचा. हे कुणीच कोणत्या डॉक्टरला सांगितलं नाही. बीपीचा आणि पायातल्या गोळ्यांचा काय संबंध, असंच सगळ्यांना वाटलं असणार.

मी 28 वर्षांचा असताना नोकरीच्या ठिकाणच्या तपासणीत माझं बीपी 160/104 निघालं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी विचारलं, काम काय करता? सॉफ्टवेअर म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, म्हणजे टेन्शन. नाव वाचून पुढे म्हणाले, “आणि तुमच्यात मटणबिटण जास्त असतं ना, ते कमी करा.” मी महिन्यातून दोनदा मटण खाणारा माणूस, पण गप्प बसलो. आपल्याला अशा वेळी गप्प बसायची सवय झालेली असते. एक गोळी सुरू झाली. तीन वर्षांत एकीच्या चार झाल्या आणि बीपी 150च्या खाली येईना. मग एका रात्री जिना चढताना माझे पाय गळून गेले, अक्षरशः पायरीवर बसून राहिलो. रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.9. ते साधारण 3.5 ते 5 या दरम्यान असावं लागतं. दुसऱ्या एका डॉक्टर बाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, “वडील आहेत का?” नाहीत म्हटलं. “किती वर्षांचे होते?” मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पायातले गोळे, रात्रीची लघवी, हातातली ताकद या सगळ्याबद्दल विचारलं. त्यांनी एकेक प्रश्न विचारला तसतसे मला माझ्याऐवजी अब्बा दिसत होते.

त्यांनी दोन गोष्टी तपासायला सांगितल्या, अ‍ॅल्डोस्टेरॉन आणि रेनिन. आजचं माझं सगळं बोलणं या दोन शब्दांभोवती आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक छोटी ग्रंथी असते. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणायचे, डॉक्टर अ‍ॅड्रिनल म्हणतात. तिच्या बाहेरच्या थरात अ‍ॅल्डोस्टेरॉन हे संप्रेरक तयार होतं. त्याचं काम एका वाक्यात सांगायचं तर मूत्रपिंडाला हुकूम देणं: मीठ धरून ठेव, पोटॅशियम सोडून दे. मीठ थांबलं की त्याच्याबरोबर पाणी थांबतं, आणि रक्तवाहिन्यांमधला दाब वाढतो. हा हुकूम केव्हा द्यायचा ते बऱ्याच अंशी रेनिन ठरवतं. मूत्रपिंडाला दाब कमी वाटला की ते रेनिन सोडतं, रेनिनमुळे अँजिओटेन्सिन तयार होतं आणि ते अ‍ॅड्रिनलला जागं करतं. दाब पुरेसा झाला की रेनिन थांबतं. गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट आठवा. पाणी वर आलं की नळ बंद. रेनिन म्हणजे तो फ्लोट.

आता समजा नळ फ्लोटचं ऐकेनासाच झाला. टाकी भरून वाहतेय, फ्लोट कधीचा वर जाऊन बसलाय, तरी पाणी चालूच. तपासणीत हेच दिसतं. रेनिन जवळजवळ शून्यावर, कारण दाब आधीच भरपूर आहे, आणि अ‍ॅल्डोस्टेरॉन मात्र चढलेलं. म्हणून एकट्या आकड्याला फार अर्थ नसतो, दोघांचं गुणोत्तर बघतात. माझं रेनिन यंत्राला मोजता येईल त्याच्याही खाली होतं. मला ते बघून आमच्या कामातली एक जुनी चूक आठवली. सर्व्हरवर ताण आला की आम्ही सर्व्हर वाढवत होतो. ताण कुठून येतोय याचा लॉग महिनाभर कुणी उघडलाच नव्हता. चार गोळ्या म्हणजे माझे चार सर्व्हर होते.

या आजाराला प्रायमरी अ‍ॅल्डोस्टेरॉनिझम म्हणतात. जुन्या डॉक्टरांच्या तोंडी ‘कॉन सिंड्रोम’ असतं, ते जेरोम कॉन यांच्या नावावरून. हे अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठातले डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात दमट, उष्ण प्रदेशात लढणाऱ्या सैनिकांचं शरीर उकाड्याला कसं सरावतं, याचा त्यांनी अभ्यास केला होता. सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ फार कमी उतरतं, आणि त्यामागे अ‍ॅड्रिनल ग्रंथी आहे, हे त्यांना दिसलं होतं. 1954 साली त्यांच्याकडे 34 वर्षांची एक बाई आली. वर्षानुवर्षं तिचे स्नायू आखडायचे, मधूनच हातपाय लुळे पडायचे, आणि बीपी वाढलेलं. रक्तात पोटॅशियम कमी. कॉन यांनी तिचा घाम तपासला तर त्यात मीठ जवळपास नाहीच, भर उन्हात महिनोन्‌महिने काढलेल्या सैनिकासारखं. ही बाई तर इस्पितळातल्या खाटेवर होती.

योगायोग असा की वर्षभर आधीच, 1953मध्ये, लंडनमधल्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी स्विस रसायनशास्त्रज्ञांच्या साथीनं हे नवं संप्रेरक शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं होतं. पुढे या दोघांनी लग्न केलं, हे जाता जाता. कॉन यांनी अंदाज बांधला की या बाईची ग्रंथी तेच संप्रेरक बेसुमार करतेय. डिसेंबर 1954मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि उजव्या ग्रंथीत सुमारे 4 सेंटिमीटरची गाठ सापडली. ती काढली आणि बाईचं बीपी उतरलं, पोटॅशियम सुधारलं. ज्या आजाराला लोक नशीब म्हणत होते त्याचं कारण ताटलीत काढून ठेवता आलं. हे वाचलं तेव्हा मी 31 वर्षांचा होतो आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात बसलो होतो. 1954. अब्बा त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी गेले.

पुढची गोष्ट जरा चीड आणणारी आहे. कॉन यांनी दहा वर्षांनी असं मांडलं की ज्यांच्या बीपीचं कारण सापडत नाही अशा रुग्णांपैकी 20 टक्क्यांपर्यंत लोकांत हाच आजार दडलेला असू शकेल. बाकीच्यांनी हे फारसं मनावर घेतलं नाही. बरीच वर्षं वैद्यकीय पुस्तकांत हे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास सांगितलं जायचं. कारण साधं होतं: ज्याचं पोटॅशियम कमी, त्याचीच तपासणी व्हायची. पण निम्म्याहून जास्त रुग्णांत पोटॅशियम ठीक असतं. दार बंद ठेवायचं आणि म्हणायचं कोणी आलंच नाही. 1981मध्ये जपानी डॉक्टरांनी त्या गुणोत्तराचा वापर गाळणीसारखा केला, मग ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या गटानं तो नेटानं वापरला आणि आकडे वर जायला लागले. 2020मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला. त्यात 24 तासांच्या लघवीत अ‍ॅल्डोस्टेरॉन मोजलं होतं. बीपी थोडं वाढलेल्यांत सुमारे 16 टक्के आणि जास्त वाढलेल्यांत सुमारे 22 टक्के लोकांत हा बिघाड निघाला. म्हणजे कॉन फार चुकले नव्हते. 2025मध्ये अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीनं सुचवलं की उच्च रक्तदाब असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी करावी. आपल्याकडे काय चित्र आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत 15 वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांत आणि 21 टक्के बायकांत उच्च रक्तदाब आढळला होता. या हॉलमध्ये ज्यांच्या घरात बीपीची गोळी आहे त्यांनी हात वर करा म्हटलं तर बहुतेक सगळ्यांचे हात वर जातील. आणि या दोन तपासण्यांची नावं किती जणांनी ऐकलीत? बघा. तीन. त्यातली एक नर्सिंगची विद्यार्थिनी आहे.

आता खानदानाकडे येतो, कारण दादीचं वाक्य मी अजून सोडलेलं नाही.

1950च्या दशकात ब्रिटनमध्ये दोन मोठ्या डॉक्टरांचा वाद चालला होता. रॉबर्ट प्लॅट म्हणायचे की उच्च रक्तदाब हा एका जनुकानं येणारा वेगळा आजार आहे, काहींना असतो, काहींना नसतो. जॉर्ज पिकरिंग म्हणायचे, नाही, रक्तदाब उंचीसारखा आहे. कुणी उंच, कुणी बुटका, मध्ये कुठलीही रेघ नाही, आणि त्यात पुष्कळ जनुकांचा थोडा थोडा हात आहे. सर्वसाधारण बीपीपुरते पिकरिंग जिंकले. 2018मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि रक्तदाबाशी जोडलेल्या 901 जागा मोजल्या गेल्या. एकेक जागा बीपी एखाद्या अंकानं किंवा त्याहूनही कमी हलवते. त्यात बहुतेक सगळे युरोपीय वंशाचे लोक होते, आपण जवळजवळ नव्हतोच, हेही लक्षात ठेवा. तेव्हा ‘खानदानात आहे’ याचा खरा अर्थ एवढाच: पत्ते जरा वाईट वाटले गेलेत. डाव अजून खेळायचाय. मीठ, वजन, तंबाखू, झोप हे सगळं त्यात येतं.

पण प्लॅटही पूर्ण हरले नाहीत. काही मोजक्या घरांत खरोखरच एका जनुकानं बीपी येतं. मला त्यातलं एक फार आवडतं, कारण ते हुबेहूब आमच्या धंद्यातल्या चुकीसारखं आहे. 1966मध्ये टोरांटोच्या डॉक्टरांनी एका बापलेकाची नोंद केली. दोघांचंही अ‍ॅल्डोस्टेरॉन वाढलेलं, आणि डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी दिली की उतरायचं. का, ते कळत नव्हतं. 1992मध्ये रिचर्ड लिफ्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कारण सापडलं. आठव्या गुणसूत्रावर दोन जनुकं शेजारीशेजारी असतात, दिसायला जवळजवळ जुळी. एक कॉर्टिसोल बनवायला लागतं, दुसरं अ‍ॅल्डोस्टेरॉन. पहिल्याला चालू करणारा हुकूम मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीकडून येतो. या घराण्यांत पिढ्यांमागे कधीतरी कॉपी-पेस्ट करताना घोळ झाला, आणि पहिल्याचं बटण दुसऱ्याला चिकटलं. आता पिट्यूटरीनं कॉर्टिसोल मागितलं की सोबत अ‍ॅल्डोस्टेरॉनही सुटतं. डेक्सामेथासोननं पिट्यूटरी शांत होते, म्हणून दोन्ही थांबतं. ही चूक आईकडून किंवा बापाकडून प्रत्येक मुलात जायची शक्यता निम्मी. आणि या घराण्यांत ऐन तारुण्यात मेंदूत रक्तस्राव होण्याचं प्रमाण जास्त असतं.

त्या डॉक्टर बाईंनी पेन का खाली ठेवलं, ते मला हे वाचल्यावर कळलं.

दुसरं उदाहरण ग्रँट लिडल यांचं. 1963मध्ये त्यांनी एका तरुण मुलीच्या कुटुंबाबद्दल लिहिलं. लक्षणं सगळी अ‍ॅल्डोस्टेरॉन वाढल्याची, पण मोजलं तर अ‍ॅल्डोस्टेरॉन अगदीच कमी. हुकूम देणारा कोणी नाही, तरी मूत्रपिंड मीठ धरून बसलेलं. पुढे त्या मुलीचं मूत्रपिंड निकामी झालं, 1989मध्ये दुसऱ्याचं बसवलं आणि बीपी सुधारलं. म्हणजे दोष मूत्रपिंडातच होता. 1994मध्ये मीठ आत घेणाऱ्या वाहिनीच्या जनुकातला बिघाड सापडला: दार उघडंच अडकलेलं. अशा रुग्णाला अ‍ॅल्डोस्टेरॉन अडवणारी गोळी काहीच उपयोगाची नाही, दार बंद करणारी अमिलोराइड लागते. दोघांच्या बीपीचा आकडा सारखाच असेल, पण आजार वेगळे आणि गोळ्याही वेगळ्या.

माझी जनुकीय तपासणी झाली. अब्बांच्या वयामुळे ती करायलाच हवी होती. त्या बापलेकासारखं माझ्यात काही निघालं नाही. सीटी स्कॅनमध्ये डाव्या ग्रंथीत 14 मिलिमीटरची गाठ दिसली. पण गाठ दिसली म्हणजे तीच चोर, असं धरत नाहीत, वयानुसार निरुपद्रवी गाठीही असतात. म्हणून जांघेतून बारीक नळी घालून दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं तपासतात. उजवीकडची शीर फार आखूड असते, ती सापडणं हे कसबाचं काम आहे, सगळीकडे होत नाही. माझ्यात सगळं अ‍ॅल्डोस्टेरॉन डावीकडूनच येत होतं. दुर्बिणीतून ती ग्रंथी काढली. उजवी एकटी काम भागवते. आज मी एका गोळीवर आहे, तीही लहान, बीपी 126/80च्या आसपास. पूर्ण सुटलो नाही, कारण तीन-चार वर्षांत रक्तवाहिन्यांनी जे सोसलं ते राहिलं. ज्यांच्या दोन्ही ग्रंथी बिघडलेल्या असतात त्यांचं ऑपरेशन करत नाहीत, त्यांना स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी देतात. ती गेली साठेक वर्षं बाजारात आहे आणि महागही नाही.

माझ्यासारख्या गाठी कशामुळे होतात? 2011मध्ये पुन्हा लिफ्टन यांच्याच गटानं दाखवलं की अशा बऱ्याच गाठींच्या पेशींत पोटॅशियमच्या वाहिनीचं एक जनुक बिघडलेलं असतं. त्या वाहिनीतून फक्त पोटॅशियम जायला हवं, पण सोडियमही घुसतं, पेशी सतत चेतलेली राहते आणि अ‍ॅल्डोस्टेरॉन सोडत राहते. महत्त्वाचं हे की हा बिघाड फक्त गाठीत असतो. बाकी शरीरात नाही, आईबापात नाही, मुलांत जाणार नाही. जनुकातला दोष आहे, पण वारसा नाही. दादीच्या वाक्यात ही शक्यता बसतच नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डोक्यात नव्हती.

मग अब्बांना काय होतं? माझ्या गाठीवरून त्यांच्याबद्दल काही सिद्ध होत नाही. पायातले गोळे मी ऐकलेत, पोटॅशियम कुणी मोजलं नाही. तो रिपोर्ट आता कधीच येणार नाही.

औषधी वनस्पतींबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण आपल्या घरांत हकिमी काढा अजून चालतो, आणि ‘जडीबुटी आहे, त्रास होत नाही’ हा विश्वासही. ज्येष्ठमध, म्हणजे मुलेठी, खोकल्याच्या काढ्यात असतं. आपल्या शरीरातलं कॉर्टिसोलसुद्धा मूत्रपिंडात अ‍ॅल्डोस्टेरॉनच्याच कुलपाला लागतं, पण तिथे एक विकर त्याला निकामी करून टाकतं. ज्येष्ठमधातला घटक त्या विकरालाच अडवतो. मग कॉर्टिसोल अ‍ॅल्डोस्टेरॉनसारखं वागायला लागतं, मीठ साठतं, पोटॅशियम जातं. 1946मध्ये रेव्हर्स नावाच्या डच डॉक्टरांनी ज्येष्ठमधानं पोटातल्या अल्सरवर उपचार करताना रुग्णांना सूज येते, हे नोंदवलं होतं. चार दिवसांच्या काढ्यानं काही बिघडत नाही. महिनोन्‌महिने रोज घेत असाल आणि बीपी असेल तर डॉक्टरांना सांगा.

उलट बाजूचीही वनस्पती आहे, आणि तिचा अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. सर्पगंधा. 1931मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी तिच्या मुळांतून शुद्ध अल्कलॉइडं वेगळी काढली आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलीन हे नाव दिलं. 1949मध्ये मुंबईच्या केईएममधले रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेनं बीपी उतरतं, हे आपल्या रुग्णांवरच्या अनुभवानिशी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगाचं लक्ष गेलं. 1952मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पीन निघालं. पुढे मन खचण्यासारखे दुष्परिणाम दिसले, चांगली औषधं आली, आणि ते मागे पडलं. हकीमसाहेबांचं मोठेपण मला यात दिसतं की त्यांनी सिद्दीकींना प्रयोगशाळेत बोलावलं, परंपरा तपासायला दिली.

मिठाबद्दल एकच. ब्राझीलच्या जंगलातले यानोमामी लोक वरून मीठ खातच नाहीत. त्यांचं सरासरी बीपी 95/61च्या आसपास असतं आणि वयाबरोबर वाढत नाही. गंमत म्हणजे त्यांचं अ‍ॅल्डोस्टेरॉन भरपूर असतं. ते असायलाच हवं, मिठाचा कण न्‌ कण धरून ठेवायचाय ना. हे संप्रेरक मिठाच्या टंचाईसाठी घडलंय. आपण ते घेऊन पापड, लोणचं आणि इफ्तारच्या भज्यांसमोर बसतो. दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रमजानचा विषय निघालाच आहे तर, रोजे आहेत म्हणून गोळी स्वतःहून बंद करणारे माझ्या ओळखीत पाच-सहा जण आहेत. गोळीची वेळ सहरी-इफ्तारला बदलून मिळते, महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा. आजाऱ्याला सवलत आहे हे आपल्याला मदरशातच शिकवलेलं असतं.

आता नातेवाईक नाराज होणार आहेत ते बोलतो. ज्येष्ठमधानं जे विकर बंद पडतं, ते काही मुलांत जन्मतःच नसतं. त्यांना लहानपणीच भयंकर बीपी असतं. यासाठी आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेलं जनुक यावं लागतं. दोघंही स्वतः धडधाकट असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक मुलाला धोका चारात एक. सख्ख्या चुलत, मावस, मामे भावंडांची साधारण आठवा हिस्सा जनुकं एकसारखी असतात, म्हणून तेच बिघडलेलं जनुक दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार अशाच घरांतून आलेत. हा फक्त आपला प्रश्न नाही, आपल्या सांगली-कोल्हापूर पट्ट्यात मामाच्या मुलीशी लग्न हिंदू घरांतही होतं. हे आजार फार दुर्मीळ आहेत आणि साधं बीपी असं येत नाही, त्यामुळे ज्यांची अशी लग्नं झालीत त्यांनी घाबरून जाऊ नये. पण घरात लहान मूल बीपीनं किंवा न कळलेल्या कारणानं गेलं असेल, तर पुढचा रिश्ता घरातच करण्याआधी जनुकतज्ज्ञाला भेटावं. शरियतनं परवानगी दिलीय, सक्ती केलेली नाही.

आणि लपवणं. माझं ऑपरेशन झालं तेव्हा घरात ठरलं की बाहेर अपेंडिक्स सांगायचं. कारण माझी बहीण लग्नाची होती. भावाला असलं काही आहे म्हटल्यावर मुलीला कोण विचारणार? मी दोन वर्षं अपेंडिक्सच सांगत होतो. मग यंदा तिचंच बीपी 146/94 निघालं. वय 27. ज्याला हा आजार आहे त्याच्या सख्ख्या भावाबहिणींचं बीपी वाढलेलं असेल तर त्यांची तपासणी करावीच, असं तज्ज्ञांच्या सूचनांत स्पष्ट लिहिलंय. अम्मी म्हणाली, आधी निकाह होऊ दे, मग बघू. अम्मीला मी दोष देत नाही. तिनं एकदा एका दुपारी सगळं गमावलंय, आता मुलीचं घर तरी बसावं एवढंच तिला दिसतं. मी भांडलो, काही उपयोग झाला नाही. बहिणीनं भांडण केलंच नाही. ज्या मुलाची बोलणी चालू होती त्याला तिनं स्वतः फोन लावला आणि सगळं सांगितलं, अब्बांपासून. मी शेजारी बसून होतो. त्यानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, “भाईजानचं बीपी आता किती असतं?” तिनं माझ्याकडे बघून विचारलं, “किती रे?” मी सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या वडिलांनाही तीन गोळ्या आहेत, त्यांची तपासणी कुठे करता येईल?

त्याच्या घरच्यांचं उत्तर अजून आलेलं नाही.

हे सगळं इथे सांगू का, असं मी बहिणीला विचारलं होतं. तिनं एकच अट घातली, माझं नाव घेऊ नकोस. तिची तपासणी येत्या सोमवारी आहे. दोन्हीचं मिळून काही हजार रुपये होतात, आणि रक्त सांगलीतच घेणार आहेत. सकाळी उठून निदान दोन तास हिंडून-फिरून झालेलं असावं लागतं, मग पाच-दहा मिनिटं खुर्चीत बसायचं आणि रक्त द्यायचं. आधी पोटॅशियम नीट असावं लागतं. काही गोळ्यांनी आकडे चुकतात, त्या बदलायच्या का ते डॉक्टर ठरवतात. स्वतःहून एकही बंद करायची नाही. अम्मी म्हणाली, दोन तास हिंडायचंच आहे तर मी येते तिच्याबरोबर, कृष्णेच्या घाटावर जाऊन येऊ.